पाण्यात गेलं ते पाण्याचं

गुरुवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी दोना ओतीलियाच्या कॅफेत काउंटरच्या कडेवरून एक रिकामा ग्लास खाली पडला आणि तेल्मोचा हात हलला नाही. हात तिथेच होता, कॉफीच्या कपाशेजारी, पालथा. ग्लास आणि हात यांच्यात वीतभर अंतर. ओतीलियाच्या कोपराचा धक्का लागला, ग्लास कलला, कडेवर क्षणभर रेंगाळला आणि गेला. तेल्मोने तो जाताना पाहिला. तळाची जाड काच, त्यात अडकलेला खिडकीचा उजेड, हवेत झालेली अर्धी गिरकी, सगळं पाहिलं. काउंटर एक मीटर दहा सेंटिमीटर उंच. एवढ्या उंचीवरून पडायला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. पेनल्टीचा चेंडू गोलपर्यंत यायलाही साधारण तेवढाच. फरशीवर काच फुटल्याचा आवाज झाला तेव्हा त्याची बोटं कपाच्या कानाशी होती आणि कॉफीवर तरंगसुद्धा उठला नव्हता.

"आणि हा म्हणे गोलकीपर," ओतीलिया म्हणाली. ती केरसुणी आणायला वळलीच होती.

टोकाच्या स्टुलावर रोज बसणारा आर्मिंदो, ट्रॅम चालवून निवृत्त झालेला, वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, "ओतीलिया, पोराला कोंबडी भाजून ठेव. रविवारी लागेल." गोलकीपरच्या हातून सोपा चेंडू निसटला की त्या गावात त्याला कोंबडी म्हणतात, आणि ती एकदा नावावर लागली की वर्षानुवर्षं दुकानदारही विचारतात, आज अख्खी देऊ की अर्धी.

"ठेवा. तिखट लावून," तेल्मो म्हणाला. आवाज नीट आला. तो वाकून मोठे तुकडे वेचू लागला.

"राहू दे, हात कापशील. तडा गेलेलाच होता, आज टाकणारच होते," ओतीलियाने त्याला केरसुणीच्या दांड्यानेच बाजूला सारलं. "तू हात सांभाळ बाबा. पुढचे तीन दिवस ते तुझे नाहीत, सगळ्या पोर्तोचे आहेत."

हेच तो कालपासून ऐकत होता. बुधवारी सरावात पहिल्या गोलकीपरच्या अंगठ्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्याला गेल्या रविवारी राखीव बाकावर बसून रेफ्रीला आईवरून शिवी दिल्याबद्दल लाल कार्ड मिळालं होतं. तिसरा तेल्मो. वय वीस, दुय्यम संघातून सदतीस सामने, मुख्य संघातून एकही नाही. संध्याकाळी सहा वाजता मुख्य प्रशिक्षकाने, म्हणजे मिश्तरने (तिथे कुठल्याही प्रशिक्षकाला मिश्तरच म्हणतात), त्याला खोलीत बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "रविवारी तू. झोप नीट काढ." झोप खरोखर लागली होती. भीती अशी वाटलीच नव्हती. आज सकाळी दात घासताना तो गुणगुणतही होता. आणि आता मैदानाकडच्या चढावर चालताना उजवा हात जॅकेटच्या खिशात होता आणि तो हात आपल्याबरोबर चालत असलेला दुसराच कुणी माणूस असावा, ओळखीचा, पण आज काहीतरी लपवत असलेला, असं त्याला वाटत होतं.

कारण त्याच्या हातून काहीच कधी पडलं नव्हतं. ही गोष्ट पोव्हुआला, समुद्रकाठच्या त्याच्या गावी, त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. आई टेबलावर ताटल्या मांडताना एखादी निसटली तर ओरडायची नाही, नुसतं "तेल्मो" म्हणायची, आणि ताटली त्याच्या हातात असायची. पाचव्या वर्षी त्याने शेजारणीच्या खिडकीतून पडलेली फुलकुंडी झेलली होती, मातीसकट, आणि नंतर तो त्या कुंडीच्या वजनाने खाली बसला होता. शेजारीण ही गोष्ट सांगताना दर वर्षी खिडकी एक मजला वर न्यायची. पाव, अंडी, किल्ल्या, जाळं शिवायच्या लाकडी सुया, आईच्या मांडीवरून घरंगळलेले दोऱ्याचे रीळ. हात आधी जायचा, तो नंतर. आपण काय झेललं ते त्याला झेलल्यावर कळायचं. यात कसब आहे असं त्याला बरीच वर्षं वाटलंच नव्हतं. ज्यांच्या हातून वस्तू पडतात ते लोक आळशी असतात, एवढंच त्याला वाटे. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दोन होड्यांमधली जागा हा गोल होता, आणि मोठा भाऊ झेफेरिनो ओल्या वाळूने जड झालेला चेंडू अगदी जवळून मारायचा, रागाने, कारण तो आत जायचाच नाही. चौदाव्या वर्षी पोर्तोहून एक माणूस आला, तासभर धक्क्याला टेकून उभा राहिला आणि मग त्यांचं घर विचारत आला.

घरात बाबा होते. बेर्नार्दिनो, तेव्हा पंचावन्नचे, तोंडाने फार न बोलणारे. टेबलावर सूप निवत होतं. पोर्तोच्या माणसाने वसतिगृह, शाळा, सगळं समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि ब्रेडचा तुकडा मोडत एकच विचारलं, "आणि खूण?" पोर्तोच्या माणसाला ते समजलं नाही. आईला समजलं, झेफेरिनोला समजलं. त्यांच्या घराण्याची खूण म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्या पायथ्याशी फुटलेल्या दोन तिरप्या रेघा, वाळूत पक्ष्याचा पाय उमटावा तशी. वल्ह्यांवर, जाळ्याला बांधायच्या बुचांवर, सुऱ्यांच्या मुठीवर, आजोबांच्या थडग्यावरही तीच. मोठा मुलगा वेगळा झाला की तीच खूण घेतो आणि तिच्यात एक छोटी रेघ वाढवतो, म्हणजे कुणाचं जाळं कुणाचं ते कळतं. धाकट्याला मात्र बापाची खूण जशीच्या तशी मिळते, आणि तिच्याबरोबर बोट. धाकटा तेल्मो होता. "खूण काय, खूण कुठेही राहते," आई म्हणाली होती, आणि बाबांनी सूप संपवलं होतं. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. सहा वर्षांत बाबा त्याचा एकही सामना बघायला आले नाहीत. शनिवार-रविवारी बोटी बंदरातच असतात, त्यामुळे बोटीचं कारणही त्यांना देता येत नव्हतं. ते कारण देतही नसत.

पण ग्लास पडला तेव्हा तेल्मोला हे आठवलं नव्हतं. चढ संपता संपता आठवलं ते त्याआधीचं, अकराव्या वर्षाचं. त्या उन्हाळ्यात बाबा त्याला पहिल्यांदा बोटीवर घेऊन गेले होते. निघण्याआधी त्यांनी त्याला सुरी दिली होती, मुठीवर खूण कोरलेली, त्याची स्वतःची. ऑक्टोपसचे पिंजरे ओढायचं काम चाललं होतं. बोट कलली आणि फळीवर ठेवलेली सुरी घसरली, काठावरून बाहेर गेली. हात गेला. तो काठावर पोटावर आडवा झाला आणि पाण्यापासून वीतभर वर सुरी त्याच्या मुठीत होती, सुदैवाने मुठीकडूनच. तो हसत उठला. बाबांनी त्याच्या कानशिलात दिली. आयुष्यात एकदाच. मग त्याची बोटं एकेक करून उघडली, सुरी काढून घेतली आणि समुद्रात टाकली.

"पाण्यात गेलं ते पाण्याचं," ते म्हणाले. "हात घालायचा नाही. कशालाही नाही."

"पण पाण्यात गेली नव्हती. मी धरली."

"देल्फिमनेही धरलं होतं."

देल्फिम म्हणजे काका, बाबांचा भाऊ, तेल्मोच्या जन्माआधी गेलेला. त्याने निसटलेल्या पिंजऱ्याला हात घातला, दोराचा वेढा मनगटावर बसला आणि पिंजरा त्याला घेऊन गेला. हे तेल्मोला नंतर आईने सांगितलं. त्या दिवशी त्याला फक्त कानशील गरम झालेलं कळलं आणि उरलेला दिवस त्याने दोन्ही हात काखेत धरून काढला. दुपारी टोपलीतून एक मासा उडाला, त्याच्या गुडघ्यावरून घसरत काठापलीकडे गेला. तो बघत राहिला. बाबांनी ते पाहिलं आणि मान हलवली. एवढी शाबासकी त्याला त्यांच्याकडून आधी मिळाली नव्हती, नंतरही नाही.

म्हणजे हाताला ते येत होतं. न जाणंही येत होतं. नऊ वर्षं झोपून राहिलं होतं आणि आज, नेमकं आज, जागं झालं होतं.

सरावात काहीच बिघडलं नाही. हेच जास्त वाईट. गोलकीपरांना शिकवणारे लाउरिंदो साठी ओलांडलेले होते, स्वतः अठरा हंगाम गोलमध्ये उभे राहिलेले, आणि त्यांची बोटं जुन्या झाडाच्या मुळांसारखी वेगवेगळ्या दिशांना गेली होती. त्यांनी पाठीमागून टेनिसचे चेंडू फेकले, भिंतीवरून परतवले, डोळ्यांवर ऊन येईल असं उभं करून वरून टाकले. तेल्मोने सगळे घेतले. पण ते सांगून आलेले चेंडू होते. लाउरिंदो हात मागे नेत, म्हणजे चेंडू येणार हे हाताला आधीच कळत होतं. ग्लासाने कुठं सांगितलं होतं. दुपारी खोलीवर त्याने स्वतःच चमचे पाडून पाहिले. काट्याचा चमचा, सुपाचा, साबणाची वडी. हात जात होता. पण पाडणारा तोच होता. स्वतःला गुदगुल्या करून पाहण्यासारखं ते होतं, आणि खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने छताला काठी ठोकली तेव्हा त्याने थांबवलं.

शुक्रवारी सराव संपल्यावर दोघं न्हाणीघरात हातमोजे धूत उभे होते. हे काम लाउरिंदो कामगारांना करू देत नसत. कोमट पाणी, साधा साबण, मोजा हातात घालूनच दुसऱ्या मोज्याने चोळायचा, जसे हात धुतो तसे. पाणी आधी हिरवं येतं, मग करडं, मग स्वच्छ. करडं पाणी चाललं असताना तेल्मोने सांगून टाकलं. वाटलं होतं तेवढं लांब ते झालं नाही. दोन वाक्यांत संपलं.

लाउरिंदोंनी नळ बंद केला नाही. "केवढा ग्लास?"

"पाण्याचा. साधा."

"भरलेला?"

"रिकामा."

"कोणी तुला म्हणालं होतं का, धर म्हणून?"

"नाही."

"मग?"

"मग हात जायला हवा होता, मिश्तर."

"का? तू त्या कॅफेत नोकरीला आहेस?" म्हातारा हसला, मग तेल्मोचा चेहरा पाहून हसणं आवरलं. डावा मोजा काढून त्याने आपला पंजा दिव्याखाली धरला. "ही बघ. पाच वेळा मोडली. ही करंगळी फारूच्या सामन्यात. चेंडू खांबापासून मीटरभर बाहेर चालला होता, तरी मी गेलो. हे मधलं ब्रागाला. तोही बाहेरच होता. पाचांपैकी तीन अशी. लोक टाळ्या वाजवायचे, काय झेप, काय झेप. मला वाटायचं मी नाही गेलो तर म्हणतील झोपला होता." त्याने मोजा पिळला. "आतले चेंडू तुला मी शिकवू शकतो. बाहेरचे मला स्वतःलाच आले नाहीत."

तेल्मोला वाटलं म्हातारा समजूत घालतोय. समजूत घालताना लोक स्वतःची दुखणी दाखवतात. त्याने मान हलवली आणि मोजे अंगठे वर करून दोरीवर लावले.

"आणि गोलसमोर टाचेने काढतोस ती तुझी रेघोटी," लाउरिंदो दारातून म्हणाले. "दोन्ही हाफमध्ये काढ, पण लहान. बुटाची माती झटकल्यासारखं कर. रविवारचा रेफ्री कडक आहे, मैदानावर खुणा केल्या म्हणून पहिल्याच सामन्यात पिवळं कार्ड खाशील."

शनिवारी घरून फोन आला. आई बोलली. गल्लीत सगळ्यांना कळलंय, सूप पीत जा, मफलर आहे का. मागे रेडिओ चालू होता आणि कुणीतरी तो बंद केला.

"बाबा आहेत?"

"आहेत. मुंडी खाली घालून बसलेत." मग फोनपासून दूर, "बोलणार का?" मग परत जवळ, "म्हणतात, त्याला काम आहे उद्या, त्याचं डोकं नको खाऊ."

"बरं."

"तेल्मो, तू बरा आहेस ना? आवाज कसा येतोय."

"बरा आहे. इथे एक ग्लास फुटला आई."

"कोणाच्या हातून?"

"कोणाच्याच नाही."

"मग चांगलंच की," आई म्हणाली. "फुटू दे एखादा."

रविवारी साडेतीन वाजता तो बोगद्यातून बाहेर आला तेव्हा आवाज कानांना लागण्याआधी छातीला लागला. बत्तीस हजार माणसं. गवत पोव्हुआच्या कुठल्याही गोष्टीहून हिरवं होतं. तो आपल्या गोलपाशी गेला, दोन्ही खांबांना हात लावला, मधोमध आला आणि लहान चौकोनाच्या रेघेवर टाचेने एक उभी रेघ ओढली. पायथ्याशी दोन तिरप्या. पक्ष्याचा पाय. गोलकीपर गोलकडे पाठ करून उभा असतो आणि खांब कुठं आहेत ते त्याला पाठीनेच कळावं लागतं. पाठ कधी कधी फसवते, पुढे येता येता माणूस नकळत एका अंगाला सरकतो. बरेचजण म्हणून मध्य साधायला टाचेची साधी रेघ ओढतात. तेल्मोने दहाव्या वर्षापासून वाळूत हीच काढली होती. तिच्यावर नजर गेली की चोवीस फूट रुंदी दोन्ही बाजूंना आपोआप मापून मिळायची, बारा इकडे, बारा तिकडे. रेफ्रीने पाहिलं असावं. तो शिट्टी पुसत होता.

पहिल्या हाफमध्ये दोन चेंडू आले. अठराव्या मिनिटाला एक सरळ, जोराचा, छातीवर. चौतिसाव्याला एक डावीकडे खाली, आणि तेव्हा हात गेला, पूर्वीसारखा, त्याला नंतर कळेल असा, चेंडू बोटांच्या टोकांवरून वळून कॉर्नरला गेला. प्रेक्षक ओरडले. तेल्मोला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं आणि वाटलं नाही. एकदा गेला म्हणजे पुढच्या वेळी जाईलच असं नाही. आपण हाताची परीक्षा घेतोय आणि हात आपली, असं चाललंय, हे त्याला कॉर्नरसाठी माणसं लावताना जाणवलं, आणि त्याने एका बचावपटूचं नाव चुकीचं घेतलं. बावन्नाव्या मिनिटाला तेल्मोच्या संघाने गोल केला. एक-शून्य. त्यानंतरचा वेळ ओल्या दोरासारखा लांबत गेला. उन्हाची रेघ त्याच्या चौकोनात आली आणि दुसऱ्या हाफमधल्या खुणेवर चढून पलीकडे गेली.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पाहुण्यांच्या उजव्या बगलेवरून चेंडू मागे आला. त्यांच्या मधल्या माणसाने तो जमिनीवर पडूच दिला नाही. अंतर वीस मीटर. मध्ये पाच-सहा पाय. तेल्मोला चेंडू दिसला तेव्हा तो त्या पायांमधून वर आला होता आणि त्याच्या डाव्या खांबाकडे निघाला होता, थोडा बाहेरून आत वळत. समोरून कप्तान व्हालेंतिं मागे वळून ओरडला, "धर, धर." मागच्या प्रेक्षकांतून एक आवाज उठला, हजारो माणसांनी एकाच वेळी श्वास आत घेतल्याचा. तेल्मोचा उजवा पाय खुणेच्या उभ्या रेघेवर होता.

हात हलला नाही.

तो स्वतः ते पाहत होता. गुरुवारसारखंच, तेवढंच स्पष्ट. चेंडूवरचा काळा ठिपका, त्याची गिरकी, आपला डावा हात मांडीशी, बोटं किंचित उघडी. अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात माणसाला जेवढं कळू शकतं त्याहून बरंच जास्त त्याला कळलं. संपलं, हे एक कळलं. सगळ्या देशाने हे बघितलं, हे दुसरं. आर्मिंदोचं वर्तमानपत्र, झेफेरिनो, टेबलावर निवणारं सूप. आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, हात काखेत धरून बसलेला एक अकरा वर्षांचा पोरगा, अजिबात न घाबरलेला. त्याचा मासा काठापलीकडे चालला होता आणि काठ नेमका कुठं आहे हे त्याला ठाऊक होतं.

चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. एक वीत, फार तर सव्वा. मागच्या जाहिरातीच्या फळीवर आपटला आणि परत लोळत त्याच्या पायाशी आला.

व्हालेंतिं दोन्ही हात डोक्यावर घेऊन आला. "अरे मेल्या, हललासुद्धा नाहीस. माझं आयुष्य दहा वर्षांनी कमी झालं."

"बाहेर होता."

"आता सांगतोयस."

"बाहेरच होता," तेल्मो म्हणाला, आणि आपल्याला हसू येतंय हे त्याच्या लक्षात आलं. गुडघ्यांपासून काहीतरी वर येत होतं, कोमट, नळाच्या पाण्यासारखं. बाकावर लाउरिंदो एकटेच बसलेले होते. बाकी सगळे उभे. म्हाताऱ्याने वाकडी बोटं गुडघ्यावर पसरली होती आणि तो त्यांच्याकडे पाहत होता. तेल्मोने चेंडू उचलला, लहान चौकोनाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि घाई न करता चार पावलं मागे गेला. त्या ग्लासाचा तडा आपण आधीच पाहिला होता का, हे त्याने आठवून पाहिलं. आठवेना. आठवायलाच हवं असंही वाटेना.

सामना एक-शून्य संपला. पत्रकारांनी चौतिसाव्या मिनिटाच्या झेपेबद्दल विचारलं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाबद्दल कुणी विचारलं नाही. जिथे काही घडलं नाही तिथे बातमी नसते.

खेळाडूंच्या फाटकाबाहेर सह्या घेणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर त्याला भिंतीशी उभी असलेली लोकरीची काळी टोपी दिसली. बाबा. लग्नाकार्याचा कोट, हातात आईने बांधून दिलेलं फडकं, त्यात मक्याचा ब्रेड असणार. ते पुढे आले नाहीत. तेल्मो गेला.

"कधी आलात?"

"दोनला." बाबांनी फडकं त्याच्या हातात दिलं. "आई म्हणाली खाल्लं नसेल."

दोघं उभे राहिले. रस्त्यावरून गाड्या हॉर्न वाजवत चालल्या होत्या. बाबांनी घसा खाकरला.

"तो शेवटचा."

"हं."

"बाहेर चालला होता."

"हो."

"तुला ठाऊक होतं."

तेल्मोने फडकं बगलेत धरलं. खोटं बोलायचं नव्हतं. "हाताला होतं. मला मागून कळलं."

बाबांनी मान हलवली. बोटीवर हलवली होती तशीच, एकदाच, खाली. मग ते आपल्या उजव्या हाताकडे बघू लागले, तो पंजा उघडत, मिटत.

"माझा गेला," ते म्हणाले.

"काय गेला?"

"हात. तिथं वर बसलो होतो, पन्नासाव्या रांगेत. गेला एकदम, धरायला." त्यांनी हात किती लांब गेला ते दाखवलं. "पुढच्या माणसाची टोपी पाडली. बिअरसुद्धा. माफी मागावी लागली त्याची." ते अजून पंज्याकडेच पाहत होते, जणू त्याने त्यांना कधी सांगितलं नव्हतं असं काहीतरी आज सांगितलं होतं. "देल्फिम गेल्यापासून चाळीस वर्षांत कशाला घातला नव्हता."

तेल्मोला हसू आवरेना. बाबाही हसले, आधी नाकातून, मग खांदे हलवून, आणि हसता हसता त्यांनी भिंतीला हात टेकला.